तुलना म्हणजे बरोबरी नव्हे

सप्टेंबर २०२१. तालिबानने काबूल घेऊन महिनाही झाला नव्हता. तालिबानला इस्लामी राष्ट्र हवे, तसे इथे हिंदुराष्ट्र हवे असणारेही आहेत आणि मानसिकता दोघांची एकच, असे जावेद अख्तर एका वृत्तवाहिनीवर म्हणाले. त्यांचा रोख संघाकडे होता. अख्तर यांनी माफी मागावी, नाहीतर त्यांचे चित्रपट दाखवू देणार नाही, असे भाजप आमदार राम कदम यांनी बजावले. 'सामना'ने अग्रलेखात तुलना चूक ठरवली. प्रकरण कोर्टातही गेले.

तुलना करणे म्हणजे दोन गोष्टी एकच आहेत असे म्हणणे नव्हे. निकष कोणता, हे आधी सांगावे लागते. राष्ट्राची ओळख एका धर्माने ठरावी काय, हा निकष लावला तर अख्तर यांचा प्रश्न रास्त आहे. पण हाती सत्ता आल्यावर काय केले, हा निकष लावला तर अंतर फार मोठे आहे. तालिबानने सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद ठेवल्या, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठेही बंद केली. आपल्याकडे संविधान आहे, न्यायालय आहे, मतदान आहे. हे अंतर पुसणे म्हणजे अफगाण मुलीचे दुःख स्वस्त करणे. मात्र अंतर आहे म्हणून तुलनाच करू नका, ही दमदाटी झाली.

आता प्रश्न आपल्याला. अख्तर यांच्या वाक्याचा दुसरा भाग ऐकून ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी पहिला भाग ऐकला का? त्यात तालिबान हे वाईटाचे माप होते. त्याच दिवसांत नसीरुद्दीन शाह यांनी तालिबानच्या पुनरागमनाने खूश झालेल्या भारतीय मुसलमानांना सुनावले, तेव्हा आपल्यातलेच लोक त्यांच्यावर तुटून पडले. २०२५ मध्ये मुस्लिम संघटनांच्या विरोधानंतर कोलकात्यात उर्दू अकादमीने अख्तर यांचा कार्यक्रम पुढे ढकलला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी भारतात आले. दिल्लीतल्या त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकार नव्हत्या. देवबंदमध्ये त्यांचे जंगी स्वागत झाले. अख्तर यांनी सरकारी पाहुणचाराचाही निषेध केला आणि देवबंदचाही.

माप एकच ठेवण्याची किंमत ही अशी दोन्हीकडून मोजावी लागते. अख्तर यांचे प्रत्येक मत पटलेच पाहिजे असे नाही. पण आपले माप तपासायला हवे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला. त्या बायका समान न्याय मागत होत्या, तोही आपल्याच समाजातल्या पुरुषांच्या मर्जीविरुद्ध. हिंदुराष्ट्राला विरोध करताना आपण संविधानाचा आधार घेतो. बहिणीच्या तलाकाचा, वारसाहक्काचा, शिक्षणाचा विषय निघाला की तेच संविधान मिटून ठेवले, तर समोरच्याशी आपली तुलना कोणीही करेल. आणि तेव्हा रागावण्याचा हक्क आपल्याला उरणार नाही.