जहाज दुभंगले, ठपका वेल्डरवर

१६ जानेवारी १९४३. अमेरिकेतील पोर्टलँड शहरात, स्वान आयलंडच्या गोदीत ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधून ठेवले होते. सागरी चाचण्या नुकत्याच पार पडल्या होत्या. वादळ नव्हते, शत्रूची पाणबुडीही नव्हती. थंडी मात्र कडाक्याची होती. रात्री अकराच्या सुमारास प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध तडकले. केवळ तळाच्या पत्र्यांनी दोन्ही भाग कसेबसे धरून ठेवले.

संशयाची सुई तत्काळ वेल्डरांकडे वळली. हेन्री कैसर यांच्या गोद्यांमध्ये हजारो नवखे हात कामाला लागले होते: शेतकरी, दुकानांतले नोकर, गृहिणी. घाईघाईने शिकवलेल्या बायकांच्या जोडकामावर बोट ठेवणे फारच सोपे होते.

काही सांधे खरोखरच सदोष होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सांध्यापाशी सुरू झालेला तडा अख्खे जहाज चिरेपर्यंत थांबला का नाही? रिवेटांनी जोडलेल्या जहाजात तडा बहुधा पत्र्याच्या कडेशी अडतो. वेल्डिंगने सगळे पत्रे एकसंध होतात, त्याला वाट मोकळी मिळते. त्यातच ते पोलाद थंडीत ठिसूळ होणारे होते. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी अशा तडकलेल्या जहाजांच्या पोलादाचा अभ्यास करून नेमके हेच दाखवून दिले. लिबर्टी जातीच्या मालवाहू जहाजांत कोठारांच्या तोंडांचे काटकोनी कोपरेही घातक ठरले. ताण तिथेच एकवटे.

आता हिशेब मांडून पाहावा. पोलाद कोणते घ्यायचे, कोपरे कसे आखायचे, वेग किती ठेवायचा, यांतले काहीच वेल्डर ठरवत नव्हता. नोव्हेंबर १९४२ मध्ये रिचमंडच्या गोदीत ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज अवघ्या साडेचार दिवसांत पाण्यात उतरले, तेव्हा कौतुक कैसर यांच्या कल्पकतेचे झाले. जहाज तडकल्यावर मात्र चर्चा कामगारांच्या हाताची! कृष्णवर्णीय कामगारांची गत तर आणखी वाईट. बॉयलरमेकर्स संघटनेने त्यांना दुय्यम शाखांत ढकलले होते. वर्गणी त्यांच्याकडून घेतली जाई, मताचा अधिकार दिला जात नसे.

कैसर यांची दूरदृष्टी खोटी नव्हती. पण आजही पुष्कळ लोकप्रिय लेखनात विक्रमाला मालकाचे नाव लागते आणि तड्याला ‘नवशिक्या कामगारांचे’, हा अन्याय आहे. ‘स्केनेक्टडी’ काही महिन्यांतच दुरुस्त झाले आणि युद्धानंतरही कितीतरी वर्षे समुद्रावर चालत राहिले.