स्वायत्तता कोणाची?

विद्यापीठांना स्वायत्तता हवी, याविषयी सर्व पक्षांचे एकमत असते. ते भंगते कुलगुरूंच्या निवडीपाशी.

महाविकास आघाडी सरकारने डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात बदल करणारे विधेयक संमत करून घेतले. शोध समितीच्या यादीतून सरकारने दोन नावे निवडायची, कुलपती असलेल्या राज्यपालांनी त्यांतील एकाची नेमणूक करायची आणि उच्च शिक्षणमंत्र्यांनी प्र-कुलपती व्हायचे, अशी ती योजना. विद्यापीठांच्या राजकीयीकरणाचा आरोप तेव्हा झाला, तो अनाठायी नव्हता. २०२२मध्ये सत्तांतर झाले आणि विधेयकही गुंडाळले गेले.

जानेवारी २०२५मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रसृत केलेल्या मसुद्याने लंबक दुसऱ्या टोकाला नेला. शोध समितीत कुलपतींचा, आयोगाच्या अध्यक्षांचा आणि विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळाचा असे तीन प्रतिनिधी. राज्य सरकारला स्थानच नाही. केरळ आणि तमिळनाडू विधानसभांनी त्याविरुद्ध ठराव केले.

दोन्ही बाजूंना घटनेचा आधार आहे. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे हा केंद्रसूचीतील विषय. तर शिक्षण १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. राज्य विद्यापीठांच्या वेतनाचा मुख्य भार मात्र राज्यांच्याच तिजोरीवर आहे. खर्च एकाने करायचा आणि प्रमुख दुसऱ्याने निवडायचा, ही व्यवस्था टिकाऊ नाही. पण खर्च करतो म्हणून मालकी सांगणे, हेही तितकेच घातक.

या ओढाताणीत खुद्द विद्यापीठाला विचारतो कोण? मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतील पदवीधरांच्या दहा जागांची निवडणूक वारंवार लांबली. अखेर सप्टेंबर २०२४मध्ये मतदान झाले, तेही उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. आपल्याच मतदारांना सामोरे जाण्याची तारीख ज्या संस्थेला स्वतः पाळता येत नाही, तिची स्वायत्तता कागदावरच राहते.

यशपाल समितीने २००९च्या अहवालात विद्यापीठे बाह्य हस्तक्षेपापासून मुक्त असावीत, असे बजावले होते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही स्वतंत्र नियामक मंडळाची कल्पना मांडली. पण मंडळावरील माणसे मुंबईने नेमावीत की दिल्लीने, एवढ्यापुरताच वाद उरला, तर नाव बदलेल, पारतंत्र्य राहील. प्राध्यापकांच्या रिक्त जागा भरण्यासाठीही मंत्रालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत असेल, तर कुलगुरू कोणाचा, हा प्रश्न गौणच ठरतो. त्याची किंमत मोजतो तो शिक्षकाविना वर्गात बसलेला विद्यार्थी.