पांढऱ्या सदऱ्याचा मालक

आमच्या धंद्यातली रीत अशी, की परमिट ज्याच्या नावावर त्याने पांढरा सदरा घालायचा आणि दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर मारणाऱ्याने खाकी. म्हणजे मालक लांबून ओळखू यावा. ही अक्कल ज्याला सुचली त्याने जन्मात कधी रिक्षाच्या मागच्या झाकणात हात घातलेला नसणार. इंजिन मागे, तेल तिथे, काजळी तिथे आणि पुसायला हाताशी काय, तर स्वतःची बाही. बावीस वर्षं मी पुण्यात माझी स्वतःची रिक्षा चालवतोय. सदरा सकाळी नऊपर्यंत पांढरा राहतो. त्यानंतर मी मालक की नोकर, हे सदऱ्यावरून कळत नाही. संध्याकाळी हिशेब मांडला तर त्यावरूनही कळत नाही.

मालक, पण कशाचा? आरसी बुकावर नाव माझं, त्याखाली बोजा फायनान्सवाल्याचा. रंग कोणता द्यायचा ते सरकार सांगणार. मीटरवर सील दुसऱ्याचं. गॅसच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी, नाहीतर पंपावर गॅस नाही. गाडी रस्त्यावर यायला लायक आहे की नाही ते पासिंगमध्ये ठरणार : पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा, पुढे दरवर्षी. आणि पासिंग चुकलं तर दिवसाला ५० रुपये दंड. केंद्राच्या २०१६ च्या नियमातला हा दंड २०२४ मध्ये आमच्याकडून वसूल व्हायला लागला, तेव्हा मोर्चे निघाले आणि मग स्थगिती आली. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून पासिंग राहिलेलं, आणि पासिंग राहिलं म्हणून दंड! ज्याच्याकडे औषधाला पैसे नाहीत त्याला आजारी पडल्याबद्दल रोज पन्नास रुपये लावण्यातला हा प्रकार. एवढं सगळं वजा करून माझ्या मालकीचं जे उरतं त्याला खर्च म्हणतात. त्यात मात्र कुणी वाटेकरी नाही.

खड्ड्याचं गणित कारवाल्यांना कधी कळणार नाही. कारसमोर खड्डा आला की कारवाला तो पोटाखालून काढतो, डावी चाकं डावीकडे, उजवी उजवीकडे. दुचाकीवाल्याला एकच रेघ सांभाळायची, तो वळसा घालतो. रिक्षाच्या रेघा तीन. मागची दोन चाकं वाचवायला खड्डा मध्ये घ्यावा, तर मध्ये नेमकं पुढचं चाक. पुढचं वाचवावं तर मागचं एक जातं. चाक तरी केवढं? आठ इंची रिम. ट्रकला जो खड्डा लागत नाही आणि कारला जो जाणवतो, त्यात माझं अर्धं चाक बसतं. पावसाळ्यात पाण्याखाली खड्डा आहे की चेंबर, ते आधी माझ्या मनगटाला कळतं, मग शॉकअपला, मग मागे बसलेल्या आजींच्या कमरेला. आजी मला म्हणतात, ‘जरा बघून चालवा हो.’ महापालिकेला म्हणायला त्यांना कुठे उतरायचं तेच माहीत नाही. बेअरिंग गेलं, हबला आवाज आला, रबर फाटलं, शॉकअपचं तेल गळालं, तर बिल माझ्या नावावर. रस्ता सगळ्यांचा, खड्डा तेवढा माझा.

मुळात हे वाहन माल वाहायला जन्मलं. १९४८ साली इटलीत पियाजिओसाठी कोराडिनो दास्कानिओने ‘आपे’ काढली. हा हेलिकॉप्टर करणारा माणूस. युद्धाने पोळलेल्या देशात ट्रक परवडत नव्हता, म्हणून स्कूटरच्या मागे दोन चाकांचा हौदा जोडायचा, एवढीच ती युक्ती. आपल्याकडे बजाजने आधी ती आयात केली, मग इथेच बनवायला घेतली आणि त्या हौद्यात माणसं बसवली. स्वस्त, सुटसुटीत, गल्लीत वळणारी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट सांगतो, असं यंत्र दुसरं नाही. स्टेपनी बदलायला जॅक लागत नाही, दोघांनी एका बाजूने उचलून गाडी कलती धरली की झालं. पण माणसांचा हौदा म्हटल्यावर त्याला बाजू द्यायला हव्यात हे साठ वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाऊस आला की रेक्झिनचा पडदा सोडायचा. तो प्रवाशाच्या गुडघ्यांपर्यंत येतो, माझ्यापर्यंत येतच नाही. माझा डावा खांदा जूनमध्ये भिजतो आणि गणपतीनंतर वाळतो. उन्हाळ्यात बसचा धूर थेट नाकात. या मोकळ्या हवेचं परदेशी पाहुण्यांना भारी कौतुक असतं. फोटो काढतात. काढा. दहा तास बसून दाखवा, मग मी तुमचा फोटो काढतो.

राजकारण्यांनी तर रिक्षाची शिवीच करून टाकली. २०१९ मध्ये तीन पक्षांचं सरकार आलं तेव्हा विरोधक त्याला तीनचाकी रिक्षा म्हणून हिणवायला लागले. पुढे ते सरकार गेलं आणि मुख्यमंत्री झाले एकनाथ शिंदे, ज्यांनी ठाण्यात एके काळी रिक्षा चालवली होती. मग समोरच्यांनी तोच शब्द त्यांच्याकडे भिरकावला. वर्षभराने त्याही सरकारात तिसरा पक्ष येऊन बसला. तेव्हा चाकं मोजणारे सगळे गप्प. अरे, तीन पायांची तिवई कधी डुगडुगली आहे का? चार पायांच्या टेबलाखाली कागदाची घडी घालावी लागते. उभी असताना रिक्षाइतकं घट्ट काही नाही. ती कलते फक्त वळणावर, ब्रेक मारत वेगाने वळवली तर. त्यासाठी आम्ही अंग आत टाकतो. तेवढी कला ज्यांना येत नाही त्यांनी रिक्षाचं नाव घेऊ नये.

परमिटची कथा तर ऐकाच. १९९७ साली सरकारने नवी परमिटं गोठवली. मी धंद्यात आलो तेव्हा परमिट मिळायचा एकच रस्ता : कागदावर हस्तांतर, व्यवहारात खरेदी. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. २०१७ मध्ये सरकारने एका फटक्यात सगळं खुलं केलं. बॅज दाखवा, फी भरा, परमिट घ्या. माझ्या पाटल्यांची किंमत एका जीआरमध्ये रद्दी झाली. नव्या पोरांना धंदा मिळाला, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण ज्या स्टँडवर माझा सहावा नंबर लागायचा तिथे आता पंधरावा लागतो, आणि स्टँड तेवढाच आहे, सहा रिक्षांचा. बाकीच्यांनी उभं राहायचं कुठे? नो पार्किंगमध्ये. मग पावती.

एप्रिल २०२२ मध्ये राज्याने गॅसवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. ऑगस्टपर्यंत गॅस साठीतून नव्वदीत. मग सप्टेंबरमध्ये भाडं वाढलं : पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७. म्हणजे चार किलोमीटरला साडेसदुसष्ट. हा आकडा सरकारने ठरवलेला, मीटरवर दिसणारा. पण प्रवासी मीटरकडे बघत नाही, हातातल्या मोबाइलकडे बघतो. तिथे त्याच अंतराला ५२ दिसतात. ते कुणी ठरवले? कुठल्याशा शहरातल्या कुठल्याशा संगणकाने. त्याची गाडी नाही, परमिट नाही, क्लच वायर तुटत नाही. मी साडेसदुसष्ट मागितले तर लुटारू, त्याने बावन्न लावले तर प्रगती. आणि पावसात तो एकशे वीस लावतो तेव्हा प्रवासी निमूट देतो. कारण मोबाइलशी भांडता येत नाही.

आता आमच्यातल्यांचं. ‘मुजोर रिक्षावाले’ हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. स्टेशनवर बॅगा बघून दाम दुप्पट सांगणारे आहेत. मीटर झाकून ‘शंभर द्या’ म्हणणारे आहेत. तिघांची परवानगी असताना मांडीला मांडी लावून चौथ्याला पुढे बसवणारे आहेत. चार चार परमिटं बायका-मेहुण्यांच्या नावावर ठेवून स्वतः पांढऱ्या सदऱ्यात चहा पिणारे पुढारीही आहेत, आणि संपाच्या दिवशी सर्वांत मोठा आवाज त्यांचाच. मी स्वतः कोथरूडच्या भाड्याला नाही म्हणतो. दुपारी दोनला तिकडे गेलं की रिकामं यावं लागतं, आणि रिकाम्या किलोमीटरला कुणी सतरा देत नाही. नाही म्हणणं कायद्याने गुन्हा आहे हे मला पाठ आहे. तरी म्हणतो. ज्याला यात मुजोरी दिसते त्याने एक महिना माझी डायरी लिहावी.

परवा रात्री म्हात्रे पुलावर क्लच वायर तुटली. मागे एक तरुण, कानात इअरफोन. गाडी कडेला घेतली. त्याने वर बघितलं, मोबाइलवर ट्रिप रद्द केली, उतरला आणि चालायला लागला. बटण दाबताना एक तारा दिला असणार, कारण घरी जाईपर्यंत माझं रेटिंग खाली आलं होतं. मी सीट उचलली. तिथे एक नवी वायर कायम असते, जुन्या सदऱ्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. दिव्याखाली अकरा मिनिटांत वायर ओवली, नट आवळला, हँडल दोनदा दाबून बघितलं. तारेचा एक धागा अंगठ्यात गेला. तो दातांनी काढला, रक्त त्याच पांढऱ्या तुकड्याला पुसलं आणि तुकडा परत सीटखाली ठेवला, पुढच्या वायरसाठी.