दिव्याखालचे व्याज

एक छायाचित्र आता आम्हांला पाठ झाले आहे. मातीची भिंत, जमिनीवर अंथरलेली चटई, तीवर बसलेली आठ-दहा वर्षांची मुलगी आणि तिच्या वहीवर पडलेला सौरदिव्याचा पांढरा उजेड. मुलगी कधी केनियाची असते, कधी बिहारची, कधी बांगलादेशातली. अहवाल कधी बँकेचा असतो, कधी दात्या संस्थेचा, कधी गुंतवणूकदारांच्या एखाद्या मंडळाचा. चित्र मात्र बदलत नाही. ते पाहून आपल्याला बरे वाटावे अशी योजना असते आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही बरे वाटते. रॉकेलच्या चिमणीचा धूर ज्यांनी गिळला आहे त्यांना त्या पांढऱ्या उजेडाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आमचे भांडण त्या दिव्याशी नाही. चित्रात जे दिसत नाही त्याच्याशी आहे. त्या दिव्याचा हप्ता कोण भरते, किती वर्षे भरते आणि कोणत्या दराने भरते, हे त्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तर नसतेच, पण आतल्या पानांतही शोधावे लागते. आणि आमचे म्हणणे असे, की गरीब मुलखांत सौरवीज पोहोचवण्याचा प्रश्न आता तंत्रज्ञानाचा फारसा उरलेला नाही. तो व्याजाचा प्रश्न आहे. 'सूर्य सर्वांचा' ही घोषणा ऐकायला गोड आहे. सूर्य सर्वांचा असेलही, पैसा मात्र सर्वांना एका भावाने मिळत नाही.

हिशेब अगदी साधा आहे. डिझेलच्या जनित्राचा खर्च रोज थोडा थोडा जळतो. सौरप्रकल्पाला इंधन लागत नाही. त्याचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि तो पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत वसूल करायचा असतो. म्हणजे या विजेचे इंधन ऊन नसून कर्ज आहे. एक कोटी रुपयांचा प्रकल्प वीस वर्षांत फेडायचा, असे धरू. व्याज शेकडा ५ असेल तर वर्षाचा हप्ता आठ लाखांच्या आसपास येतो. व्याज शेकडा १५ असेल तर तोच हप्ता सोळा लाखांच्या घरात जातो. तेच ऊन, तीच पॅनेले, तितकीच वीज. भाव मात्र दुप्पट. हा फरक ना विज्ञानाने पाडला ना निसर्गाने. तो ऋणकोच्या पत्त्यावरून पडला.

आता हे दर कोणाच्या वाट्याला येतात ते पाहा. मोठ्या सौरप्रकल्पांसाठी लागणारे भांडवल विकसनशील देशांत श्रीमंत देशांच्या दुपटीहून महाग पडते, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था वारंवार सांगत आली आहे. तिच्याच २०२२च्या अहवालाप्रमाणे जगातील उत्तम सौरक्षमतेचा ६० टक्के वाटा आफ्रिकेकडे आहे आणि जगात बसवलेल्या सौरक्षमतेपैकी केवळ १ टक्का तिथे आहे. २०२३ साली जगात सुमारे ६६ कोटी ६० लाख लोक विजेविना होते. त्यांतले दर शंभरांतले पंच्याऐंशी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहत होते. जिथे ऊन सर्वांत जास्त आणि अंधारही सर्वांत जास्त, तिथेच पैसा सर्वांत महाग. याला अर्थशास्त्राच्या भाषेत 'जोखीम' म्हणतात. आमच्या गावाकडची भाषा जरा रांगडी आहे. तीत याला अडलेल्याची नड पाहणे म्हणतात.

पूर्व आफ्रिकेत गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक पद्धत रुजली. केनियात २००७ साली मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय आली आणि तिच्या आधाराने सौरसंच हप्त्यांवर विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. थोडी रक्कम आधी भरायची, मग रोजचे किंवा आठवड्याचे पैसे मोबाइलवरून पाठवायचे; फेड पुरी झाली की संच आपला. या पद्धतीने लाखो घरांत उजेड नेला हे नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण तिच्या पोटात एक कळ आहे. हप्ता चुकला की संच दुरून बंद करता येतो. पॅनेल छपरावर, बॅटरी कोनाड्यात, ऊन अंगणात, आणि घर अंधारात. जुन्या सावकाराला जप्तीसाठी निदान दारापर्यंत यावे लागे.

या पद्धतीच्या समर्थनार्थ नेहमी एक युक्तिवाद येतो: हे कुटुंब रॉकेलवर जितके खर्च करत होते तितकाच आमचा हप्ता आहे, मग अन्याय कोठे झाला? वरवर पाहता हे पटते. पण वस्तूची किंमत तिच्या खर्चावरून ठरवायची, की गरीब माणूस आजवर किती नाडला जात होता त्यावरून? 'काल तू रॉकेलवाल्याला जे देत होतास ते आज मला दे', हा जर न्यायाचा पाया असेल तर पाणी टँकरच्या भावाने विकायलाही हरकत नसावी. आणि बदल्यात मिळते काय? जागतिक बँकेच्या वर्गवारीत विजेच्या उपलब्धतेच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत. दिवसाकाठी चार तास, एखाद-दुसरा दिवा, मोबाइल चार्ज करण्याची सोय, एवढ्यावर पहिली पायरी चढता येते. त्या विजेवर दळण होत नाही, शिलाईयंत्राची मोटर चालत नाही, पंप तर दूरच. आकडेवारीत मात्र ते घर 'वीज पोहोचलेल्या' घरांत जमा होऊ शकते.

दुसरी जोखीम चलनाची. कर्ज डॉलरमध्ये घ्यायचे आणि वसुली शिलिंगात किंवा नायरात करायची, असा हा व्यवहार. जून २०२३मध्ये नायजेरियाने नायराचा दर सैल सोडला आणि वर्षभरात डॉलरच्या हिशेबाने त्याची किंमत जवळजवळ एक तृतीयांशावर आली. खेड्यात दिवा घेणाऱ्या बाईने यात काय चूक केली होती? पण तोटा कोणीतरी सोसायचाच असतो आणि करार लिहिताना ती बाई टेबलाशी नसते.

यावर आम्हांला सांगितले जाते की बाजाराचे नियम असेच असतात. आमचा प्रश्न एवढाच, की हे नियम नेमके याच वेळी कसे आठवतात? अमेरिकेत १९३०च्या दशकात शहरांतल्या दहापैकी नऊ घरांत वीज होती आणि शेतांवरच्या दहापैकी नऊ घरांत नव्हती. खासगी कंपन्यांना तिथे तारा ओढणे परवडत नव्हते. तेव्हा त्या देशाने शेतकऱ्याला 'जोखमीचा ग्राहक' म्हणून सोडून दिले नाही. १९३६ साली ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा करून सरकारने सहकारी संस्थांना कर्जे दिली. १९४४नंतर ती शेकडा २ व्याजाने आणि पस्तीस वर्षांच्या मुदतीने मिळू लागली. आपल्याकडेही १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ याच हेतूने स्थापन झाले, आणि कारखान्याकडून जास्त दर घेऊन शेतीला व लहान घराला कमी दराने वीज देण्याची रीत आपण अजूनही चालवतो. खेड्यांत वीज गेली ती स्वस्त, दीर्घ मुदतीच्या आणि सार्वजनिक पैशावर. ज्या शिडीने आपण वर आलो ती काढून घेऊन खाली राहिलेल्यांना स्वावलंबनाचे धडे द्यायचे, ही कोणती नीती?

प्रतिपक्षाकडे एक भक्कम उदाहरण आहे आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. बांगलादेशात 'इडकॉल' या सरकारी वित्तसंस्थेने २००३ साली घरगुती सौरसंचांचा कार्यक्रम सुरू केला. ग्राहकाने दहा-पंधरा टक्के आधी भरायचे, उरलेले दोन-तीन वर्षांत फेडायचे. २०१८पर्यंत सुमारे ४१ लाख संच बसले, जवळजवळ दोन कोटी माणसांपर्यंत उजेड गेला. पुढे सरकारच्याच दुसऱ्या एका योजनेतून फुकट संच वाटले जाऊ लागले, ग्रिडही वेगाने पसरले, आणि हप्ते थकून गावोगाव काम करणाऱ्या संस्था डबघाईला आल्या. 'पाहा, फुकटेपणाने बाजार मेला', असा धडा यातून काढला जातो. आम्ही दुसरा धडा काढतो. तो कार्यक्रम उभा राहिला तोच मुळी सवलतीच्या आंतरराष्ट्रीय कर्जावर आणि अनुदानावर. सार्वजनिक पैशाने त्याला मारले नाही. एका खात्याचे दुसऱ्या खात्याला ठाऊक नसल्याने मारले. आणि त्या पडझडीचा भार पुन्हा खालच्याच संस्थांवर व कर्जदारांवर आला.

दानाचा मार्गही आपण पाहिला आहे. बिहारमधल्या धरनई गावात २०१४ साली ग्रीनपीसच्या पुढाकाराने १०० किलोवॅटचे सौरग्रिड उभे राहिले. तीस-एक वर्षे अंधारात काढलेले गाव. पण माजी मुख्यमंत्री नीतीशकुमार तिथे आले तेव्हा गावकऱ्यांनी 'असली बिजली' मागितली. थोड्याच दिवसांत ग्रिडची वीज आली, ती सौरविजेपेक्षा स्वस्त होती. काही वर्षांत सौरग्रिड बंद पडले. शहरी पर्यावरणवाद्यांनी त्या गावकऱ्यांना अडाणी ठरवू नये. त्यांना बरोबर कळले होते, की आपल्याला मिळते आहे ती दुय्यम नागरिकाची वीज: मोजकी आणि वर महाग.

मग मागणी काय? दयेची नव्हे. २००९ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले; त्यांच्याच हिशेबाने हा आकडा प्रथम २०२२ साली गाठला गेला आणि त्यातल्या सार्वजनिक निधीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग कर्जरूपाने होता. ज्यांनी वातावरण तापवले त्यांनी ज्यांनी तापवले नाही त्यांना उसने द्यावे आणि त्याला मदत म्हणावे! आमचे म्हणणे असे, की मुदत यंत्राच्या आयुष्याइतकी असावी. चलन घसरल्याचा तोटा देणाऱ्याने सोसावा. बॅटरी बदलण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च पहिल्याच दिवशी प्रकल्पात धरावा. ग्रिड आल्यावर गावच्या सौरप्रकल्पाची वीज ग्रिडने घ्यावी, नाहीतर भरपाई द्यावी. आणि घरातला शेवटचा दिवा दुरून विझवण्याचा अधिकार कोणत्याही धनकोला नसावा.

१८७५ साली सुप्यात शेतकरी उठले तेव्हा त्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे मागून घेऊन त्यांनी ते जाळले. आपण कशाने बांधले गेलो आहोत हे त्यांना नीट समजले होते. यापुढे ते छायाचित्र समोर आले की मुलीच्या चेहऱ्यावरचा उजेड जरूर पाहावा. मग पान उलटून व्याजाचा दर शोधावा. तो छापलेला नसेल तर विचारावा.