नुसत्या नकाराचे मोल

गावाची पेठ कोणाची? जमिनीचा उतारा ज्याच्या नावे आहे त्याची, तेथे रोज पिशवी घेऊन जाणाऱ्या नागरिकाची, की या दोघांवर कायद्याचा अंमल चालविणाऱ्या सरकारची? प्रश्न जुना आहे. परंतु अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील कुपर्टिनो या सुमारे साठ हजार वस्तीच्या शहराने तो ज्या रीतीने सोडवू पाहिला, आणि सोडविता सोडविता तो आपल्याच हातून ज्या रीतीने निसटू दिला, ती हकीकत आमच्या वाचकांनी लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. हे शहर आपणांस अगदीच परके नाही. ॲपल कंपनीचे मुख्य ठाणे तेथे आहे, आणि संगणकाच्या उद्योगात नोकरीस गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे त्या शहरात व त्याच्या आसपास घर करून राहिली आहेत. तेव्हा तेथील पेठेचा तंटा हा काही अंशी आपल्याच मंडळींच्या दारातला तंटा होय.

या तंट्याचे मूळ वॅल्को नावाच्या मॉलमध्ये आहे. एके काळी फळबागांनी भरलेल्या त्या भागात १९७६ साली हे प्रचंड व्यापारसंकुल उभे राहिले. जमीन एकत्र करणाऱ्या मंडळींच्या नावांची आद्याक्षरे जुळवून त्याचे नाव ठेवले गेले. हमरस्त्याच्या दोन्ही अंगांस दुकाने, मधून त्यांना जोडणारा पूल, खाली मोटारी ठेवण्याची अफाट मैदाने, असा त्याचा थाट होता. काही वर्षे तेथे गर्दीला तोटा नव्हता. पुढे शेजारच्या सॅन होझे आणि पालो आल्टो येथील अधिक झगमगीत बाजारांनी गिऱ्हाईक ओढून नेले. त्यात वॅल्कोच्या मोठ्या दुकानांची जमीन व इमारती निरनिराळ्या मालकांकडे असल्यामुळे डागडुजीचाही निर्णय एका मताने होईना. घर फिरले की वासेही फिरतात. मॅसीज व सिअर्स ही दोन मोठी दुकाने २०१५ साली बंद झाली, जेसीपेनी २०१६ साली गेले, आणि २०१८ साली चित्रपटगृहाचेही दिवे मालवले. चाळीस वर्षांपूर्वी जेथे पाऊल ठेवावयास जागा नव्हती, तेथे रिकाम्या दालनांतून केवळ पहारेकऱ्याच्या बुटांचा आवाज तेवढा उरला.

मॉल ही मुळात कशासाठी जन्मास आलेली वस्तू होती, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. व्हिएन्नात वाढलेला आणि १९३८ साली नाझींच्या छळामुळे देशांतर केलेला व्हिक्टर ग्रुएन हा वास्तुशिल्पी तिचा जनक मानला जातो. मिनेसोटा राज्यातील ईडायना येथे १९५६ साली त्याने साउथडेल हा संपूर्ण छताखालचा, वातानुकूलित बाजार बांधला. अमेरिकेच्या उपनगरांत घरे पसरली होती, पण माणसांनी एकमेकांस भेटावे असा चौक मात्र कोठे नव्हता. तो चौक त्याला द्यावयाचा होता. बाजाराभोवती घरे, शाळा, दवाखाना, उद्यान आणि तळे असावे, असा त्याचा मूळ संकल्प होता. प्रत्यक्षात नफा दुकानांत होता, म्हणून दुकाने तेवढी झाली. बाकीचा संकल्प कागदावर राहिला. उतारवयात ग्रुएनने आपल्याच या अपत्याशी नाते सांगण्याचे नाकारले. खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत फिरणाऱ्यास त्याची व्यथा समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या पेठेत दुकानाच्या वर बिऱ्हाड असते, समोर देऊळ असते, कोपऱ्यावर चार माणसे राजकारण बोलत उभी असतात. म्हणून एक दुकान बुडाले तरी पेठ बुडत नाही. ज्या बाजारात केवळ विक्रीच होते, तो विक्री थांबताच मरतो.

असा मेलेला बाजार २०१४ साली सँड हिल या बांधकाम कंपनीने विकत घेण्यास आरंभ केला, आणि प्रथमच सारी जमीन एका हाताखाली आली. दुसऱ्याच वर्षी कंपनीने मोठा आराखडा पुढे केला. सुमारे आठशे घरे, वीस लक्ष चौरस फुटांची कार्यालये, दुकाने, आणि या साऱ्यांच्या छपरांवर तीस एकरांचे उद्यान, असे त्याचे स्वरूप होते. गावात तत्काळ दोन तट पडले. खरे पाहता तट दोनाहून अधिक होते, आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात काही तथ्य होते. कोणी म्हणाले, रस्त्यांवर आजच मोटारींची रांग लागते, त्यात कार्यालयांतील हजारो माणसांची भर पडली तर गावात राहावे कसे? कोणी म्हणाले, आमच्या शाळांची कीर्ती ऐकून लोक येथे घर घेतात. त्या शाळांत गर्दी झाली तर ती कीर्ती राहील काय? जुने रहिवासी म्हणाले, आम्हांस कपड्यांची दुकाने आणि मुलांना खेळावयास जागा हवी, उंच इमारती नकोत. उलट बाजूने तरुण म्हणाले, येथे वाढलेल्या मुलांस येथे घर परवडत नाही. शाळेत शिकविणारा शिक्षक दोन तासांवरून मोटार हाकीत येतो. मग ओसाड मैदान राखून कोणाचे हित साधते? आणि इमारतींपेक्षा कार्यालयांसच ज्यांचा विरोध होता, त्यांनी हिशेब मांडला की घरे थोडी व नोकऱ्या फार असा हा आराखडा घरांची टंचाई हटविण्याऐवजी वाढवीलच. हा शेवटचा आक्षेप आम्हांस सर्वांत सयुक्तिक वाटतो, आणि त्याला कंपनीने समाधानकारक उत्तर दिले असे दिसत नाही.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी हा वाद मतपेटीत गेला. एक प्रस्ताव नागरिकांच्या गटाचा होता: इमारतींच्या उंचीला आळा घालावा आणि वॅल्कोची जागा बाजारापुरतीच राखावी. दुसरा कंपनीचा होता: आमच्या आराखड्याला मंजुरी द्यावी. दोन्ही प्रश्न स्वतंत्र होते, दोहोंसही 'होय' वा 'नाही' म्हणण्याची मतदारांस मुभा होती. मतदारांनी दोहोंसही 'नाही' म्हटले. कंपनी नको आणि कंपनीचे विरोधकही नकोत, असा तो कौल ठरला! मग हवे काय, याचे उत्तर मात्र पेटीतून निघाले नाही, कारण तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

विचारण्याची पद्धत ही लहान गोष्ट नव्हे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमताचा कौल झाला. त्याचा निकाल कोणास रुचला, कोणास रुचला नाही, ती गोष्ट निराळी. परंतु महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की केंद्रशासित राहावयाचे, असे दोन स्पष्ट मार्ग मतदारापुढे होते, आणि एक नाकारताना दुसरा पत्करावा लागत होता. कुपर्टिनोत दोन्ही वाटा नाकारून चौकात उभे राहण्याची सोय होती. लोकांनी ती सोय पत्करली, आणि चौकात उभे राहिलेल्या माणसाला पुढे कोण कोठे ढकलील याचा नेम उरला नाही.

पुढे झाले ते असे. घरांच्या टंचाईने गांजलेल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१७ साली एक कायदा केला. ज्या शहरांनी आपल्या वाट्याची घरे बांधली नाहीत, तेथे ठरावीक अटींत बसणारा आराखडा आला तर स्थानिक संस्थेने तो नियमांशी ताडून पाहावा व मुदतीत मंजूर करावा. तेथे पसंती-नापसंतीला वाव नाही. २०१८ च्या मार्च महिन्यात त्याच कंपनीने त्याच जागेसाठी या कायद्याखाली नवा आराखडा दाखल केला. आता घरे आठशे नव्हती, २४०२ होती. त्यांतील निम्मी उत्पन्नानुसार परवडणाऱ्या दराची, कारण कायद्याची तशी अट होती. कार्यालयेही अठरा लक्ष चौरस फुटांची होतीच. त्या सप्टेंबरात शहराच्या प्रशासनाला तो मंजूर करावा लागला, आणि अल्पावधीतच मॉलवर हातोडे पडू लागले. नगरपरिषदेने त्याच सुमारास तडजोडीचा एक निराळा आराखडा मान्य केला होता. त्याविरुद्ध नागरिकांनी सह्या गोळा केल्या आणि २०१९ साली परिषदेने तो मागे घेतला. हा तिसरा नकार. नागरिकांचा गट न्यायालयात गेला. मे २०२० मध्ये निकाल राज्याच्या कायद्याच्या व आराखड्याच्या बाजूने लागला.

आठशे घरे नको म्हणणाऱ्या गावाच्या पदरी अडीच हजारांचा आकडा आला, आणि त्यात एका विटेचाही फेरफार सुचविण्याचा अधिकार राहिला नाही. एवढे होऊनही घरे झाली काय? जमिनीतील प्रदूषणाच्या तपासण्या आणि आराखड्याच्या दुरुस्त्या यांत वर्षांमागून वर्षे गेली, आणि पाडकामानंतरही ते मैदान ओसाड पडून राहिले. २०२४ च्या प्रारंभी सुधारित आराखडा मान्य झाला, तेव्हा घरांची संख्या आणखी वाढली होती, मात्र परवडणाऱ्या घरांचा वाटा निम्म्यावरून जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर आला होता. ज्या गरजू माणसाच्या नावाने कायदा झाला, त्याच्याच ताटातला घास प्रथम कमी झाला.

शाळांच्या गर्दीची जी भीती मतदानापूर्वी घरोघर बोलली गेली, तिचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. त्या भागातील प्राथमिक शाळांची पटसंख्या वाढली नाही. उलट घसरत गेली. घरे इतकी महाग झाली की लहान मुलांची तरुण कुटुंबे तेथे येईनाशी झाली, आणि विद्यार्थ्यांअभावी २०२२ साली दोन शाळा बंद कराव्या लागल्या. जी गोष्ट राखण्यासाठी दार लावून घेतले, ती गोष्ट बंद दाराआड सुकत गेली.

यावरून कुपर्टिनोच्या नागरिकांस दोष देऊन मोकळे होणे हा अन्याय होईल. कोट्यवधी डॉलर्सच्या मालकाने आपला आराखडा स्वतः लिहून मतपत्रिकेवर आणावा आणि घ्यायचा तर हाच घ्या म्हणावे, याला संवाद म्हणत नाहीत. राज्य सरकारनेही गावाच्या हातून निर्णय काढून घेताना गावाच्या आजच्या अडचणीकडे पाहिले नाही. रस्ता तोच ठेवून केवळ परवाना सुलभ केला. वरून लादलेला न्यायही लादलेलाच असतो, हे सीमाभागातील माणसास कोणी शिकवावयास नको. तथापि लादणाऱ्यास संधी कोणी दिली, हा प्रश्न उरतोच. ज्या जागी लोकमताने आपला संकल्प मांडलेला असतो, तेथे सरकारला आणि सावकाराला त्याच्याशी बोलावे लागते. ज्या जागी लोकमत केवळ अडसर होऊन बसते, तेथे अडसर दूर करण्याचा कायदा निघतो आणि त्याला चार शहाणी माणसे टाळ्याही देतात.

दुसरा मार्ग होता, आणि तो त्याच देशात दुसऱ्या गावाने चालून दाखविला. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरच्या पश्चिमेस लेकवुड आहे. तेथील व्हिला इटालिया हा १९६६ सालचा मॉल असाच ढासळला. लेकवुडला स्वतःची जुनी पेठ अशी कधी नव्हतीच. मॉल हाच त्याचा चौक होता. तो पूर्ण बसण्यापूर्वीच शहराने नागरिकांची सल्लागार समिती बसविली, आणि येथे पुन्हा मॉल नको, गावाला मध्य हवा, ही मागणी आधी ठरली व बांधणारा नंतर आला. २००१ साली मॉल बंद झाला. २००४ साली त्याच शंभरावर एकरांत बेलमार नावाच्या वस्तीचा पहिला भाग उघडला. तेथे खरे रस्ते पडले, दुकानांवर घरे आली, चौक आला. ती वस्ती निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. पण कुपर्टिनोत नुसत्या भांडणात जेवढी वर्षे गेली, त्याहून थोड्या वर्षांत येथे माणसे राहावयास आली.

आपल्याही शहरांतून जुन्या मंडया, बंद पडलेल्या गिरण्यांची आवारे, कळकटलेली व्यापारसंकुले यांच्या पुनर्रचनेचे प्रस्ताव येत आहेत आणि येत राहतील. तेव्हा गल्लीगल्लीत सभा भरतील आणि पहिला शब्द 'नको' हाच उच्चारला जाईल. तो उच्चारण्याचा अधिकार आम्ही प्राणपणाने राखू. परंतु त्याच सभेत दुसरा ठरावही झाला पाहिजे: येथे आम्हांस किती घरे हवीत, ती कोणत्या उत्पन्नाच्या माणसास परवडावीत, आजच्या गाळेधारकास नव्या इमारतीत कोणत्या भाड्याने जागा मिळावी, आणि रस्ता व पाणी यांचा खर्च कोणी उचलावा. आकडे घालून, सह्या करून, तो नगरसंस्थेच्या दप्तरी बिल्डरच्या अर्जापूर्वी पोहोचला पाहिजे. ज्या गावाजवळ स्वतःचा नकाशा असतो, त्याच्या नकाराला वजन येते. बाकीच्यांचा नकार ऐकून घेतला जातो, आणि नकाशा दुसराच कोणी काढतो.