बेसीला दाद, कडुबाईंना 'आवाज कमी कर'

बंगळुरूत इंदिरानगरच्या एका पबमध्ये ऑफिसातल्या मंडळींसोबत ब्लूज ऐकत होतो. बेसी स्मिथचं गाणं सुरू झालं तसं टेबल गप्प झालं. 'काय दुःख आहे या आवाजात!' एक सहकारी म्हणाला. याच सहकाऱ्यानं एप्रिलमध्ये माझ्या फोनवर कडुबाई खरात ऐकून 'आवाज कमी कर, ऑफिसात राजकारण नको,' असं सांगितलं होतं.

बेसी लहानपणी चॅटनुगाच्या रस्त्यांवर गायची. १९२३ पासून तिच्या रेकॉर्ड तुफान खपल्या. कंपनीनं ठरावीक रक्कम दिली, रॉयल्टी नाही. १९३७ साली ती अपघातात गेली. कबरीवर नावाचा दगड लागायला १९७० उजाडलं.

औरंगाबादच्या कडुबाईंना गाणं वडिलांकडून मिळालं. नवरा गेल्यावर एकतारी घेऊन त्या दारोदार भीमगीतं गायल्या, लेकरं वाढवली. पुढे मोबाईलवरच्या व्हिडिओंनी त्यांचा आवाज घराघरात नेला.

अमेरिकेतल्या वर्णभेदावर हळहळताना माझ्या सहकाऱ्याचं काही जात नाही. कडुबाईंना ऐकायचं तर स्वतःच्या घरातली जात दिसते.

पण आपलं काय? जयंतीला डीजेवर पैसा ओततो आणि गायिकेच्या मानधनात घासाघीस करतो. तिचा व्हिडिओ फॉरवर्ड केला की कर्तव्य संपलं! बाबासाहेबांचा विचार ज्यांनी निरक्षर वस्त्यांपर्यंत गाऊन पोहोचवला, त्यांचं हे देणं आहे. या जयंतीच्या बजेटमध्ये पहिली ओळ गायिकेच्या मानधनाची लिहा, आणि ते कार्यक्रमाआधी द्या.

जय भीम.