मोठ्या चुलीचे जळण



ओले जळण चुलीत घातले की काय होते, हे घरच्या बाईला सांगायला नको. धूर होतो आणि भाकरीला चार लाकडे जास्त लागतात. कोराडी, चंद्रपूर, भुसावळ इथली वीजकेंद्रे म्हणजे अशाच मोठ्या चुली. तिथे कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात, पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर चक्र फिरवून वीज काढतात.

एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता. पण ते काढायला जुना संच अडीच हजारांहून जास्त किलोकॅलरीचा कोळसा खातो. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या नव्या संचांचे सुमारे सव्वादोन हजारांत भागते. उरलेली बहुतेक उष्णता वाफ थंड करणाऱ्या पाण्यात जाते, काही धुराड्यातून जाते. त्यातच आपल्या कोळशात तिसरा हिस्सा राखेचा, कधी त्याहूनही जास्त. पातेल्याच्या बुडाला काजळी धरावी तशी ही राख नळ्यांवर बसते, म्हणून ती वरचेवर झाडावी लागते. भट्टीत हवा जास्त सोडली तरी ऊब बाहेर जाते. असा संच पूर्ण भाराने चालताना युनिटमागे १० ग्रॅम कोळसा वाचला, तर तासाला साडेसहा टन वाचतो!

लग्नघरी चार चुली असल्या तर कमी जळणात शिजवणारी आपण आधी पेटवतो. राज्याचे भार प्रेषण केंद्रही कोळशाचा भाव आणि रेल्वेभाडे धरून स्वस्त वीज देणारा संच आधी चालवते. मात्र संच कमी भाराने चालवला की युनिटमागे कोळसा जास्त लागतो. दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हा नेमके हेच घडते.

आता आपल्या विहिरीकडे वळू. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला चारएक युनिट घेतो, म्हणजे अडीच-तीन किलो कोळसा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल २०२४ पासून माफ झाले. कोळसा माफ झालेला नाही. फूटव्हॉल्व्ह गळका ठेवू नका, पाइपाला विनाकारण वळणे देऊ नका, कपॅसिटर बसवा. दिवसा वीज मिळत असेल तर पाणी दिवसाच द्या.

चूल लांब असली, तरी जळण सगळ्यांचेच आहे.